विश्लेषण : बारामतीत काढलेले लायसन्स परदेशात किती दिवस चालते?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या डाळजमधील मुलाला लायसन्स काढायचे असेल, तर त्याला बारामतीचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय, म्हणजे ‘एमएच ४२’, गाठावे लागते. अठरा पूर्ण झाली की लर्निंग, मग पक्के लायसन्स. त्याच सुमारास बारावी होते आणि काही मुलांचा पुढच्या शिक्षणासाठी जर्मनी, ब्रिटन किंवा कॅनडाला प्रवेश निश्चित होतो. मग घरात प्रश्न निघतो : देश सोडला की हे लायसन्स बाद होते का? आणि तिकडे त्यावर गाडी चालवता येते का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

भारतात लायसन्स कधीपर्यंत वैध?

परदेशात राहायला गेल्याने भारतीय लायसन्स रद्द होत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार तिशीच्या आत काढलेले खासगी वाहनाचे लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालते. म्हणजे अठराव्या वर्षी कार्ड हातात पडले, तर पुढची २२ वर्षे नूतनीकरणाची चिंता नाही. मुलगा सुटीत गावी आला की तेच कार्ड खिशात घालून गाडी बाहेर काढू शकतो.

मात्र सोळाव्या वर्षी, पालकांच्या लेखी संमतीने मिळणारे लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीपुरतेच असते. त्याच्या जोरावर भारतात मोटार चालवता येत नाही, तर परदेशात कुठून येणार? लर्निंग लायसन्सही परदेशात कामाचे नाही.

परदेशात मुदत कशी मोजतात?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. कार्डावर चाळिशीपर्यंतची तारीख छापलेली असते, म्हणून तोपर्यंत सगळीकडे चालेल, असे वाटते. पण परदेशी सरकार त्या तारखेबरोबरच तुम्ही त्यांच्या देशात राहायला कधी आलात, हेही पाहते. पाहुण्याला सवलत असते, रहिवाशाला ती मोजक्याच दिवसांसाठी मिळते. शिकायला गेलेला विद्यार्थी बहुतेक ठिकाणी रहिवाशातच धरला जातो.

ब्रिटनमध्ये वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर मोटार चालवता येते. त्यानंतर तिथले प्रोव्हिजनल लायसन्स काढून लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. काही देशांचे लायसन्स तिथे थेट बदलून मिळते. त्या यादीत भारत नाही.

जर्मनीत ही मुदत साधारण सहा महिन्यांची आहे. त्यानंतर लायसन्स जर्मन करून घ्यावे लागते आणि भारतीयांना त्यासाठी लेखी व प्रत्यक्ष परीक्षा चुकत नाही. दिलासा एवढाच, की नवशिक्याला सक्तीचे असलेले ड्रायव्हिंग स्कूलचे तास भारतीय लायसन्सधारकाला सक्तीचे नसतात. जर्मन कार्ड देताना मूळ लायसन्स जमा करून घेतले जाते, हे आधीच माहीत असलेले बरे. आणखी एक पळवाट काही जण सुचवतात : सुटीत गावी येऊन लायसन्स काढायचे आणि परत जाऊन वापरायचे. जर्मनीत राहत असताना बाहेरून काढलेले असे लायसन्स तिथे साधारणपणे मान्य होत नाही. त्यामुळे काढायचे तर निघण्यापूर्वीच.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात नव्या रहिवाशाला ६० दिवस मिळतात. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर दहा दिवसांत तिथले लायसन्स काढावे लागते.

‘इंटरनॅशनल’ काढले की झाले?

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, बोलीभाषेत ‘इंटरनॅशनल लायसन्स’, हे नाव जरा फसवेच आहे. ते स्वतंत्र लायसन्स नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला, मूळ लायसन्स परक्या देशातील पोलिसाला वाचता यावे यासाठीचा तो दस्तऐवज आहे. मूळ कार्ड सोबत नसेल तर त्याला किंमत नाही. त्याची मुदत एक वर्ष. शुल्क एक हजार रुपये. अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावर करता येतो. परदेशात असताना त्याची मुदत संपली, तर जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेनुसार भारतीय दूतावासामार्फत नवा मागता येतो.

पण या परवान्यावर एक वर्ष लिहिले आहे म्हणून जर्मनीतले सहा महिने वाढत नाहीत, की कॅलिफोर्नियातले दहा दिवसही.

मुदत संपल्यावर गाडी चालवली तर प्रकरण दंडावर भागत नाही. खरा फटका विम्याचा बसतो. ब्रिटनमध्ये विम्याविना गाडी चालवल्यास ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट लागू शकतात, गाडीही जप्त होऊ शकते. तिथली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले, की लायसन्स जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

निघण्यापूर्वी काय करावे?

वेळेचे गणित आधी मांडावे. लर्निंग मिळाल्यावर पक्क्या परीक्षेसाठी किमान ३० दिवस थांबावे लागते आणि लर्निंगची मुदत सहा महिने असते. सप्टेंबरचे विमान असेल आणि अठरावा वाढदिवस जुलैत असेल, तर वाढदिवसानंतर एक आठवडाही दवडणे महाग पडू शकते. सोबत मूळ कार्ड न्यावे. मोबाइलमधील ‘डिजीलॉकर’ची प्रत भारतातील पोलिसांसाठी आहे. ‘सारथी’वरून लायसन्सचा उतारा काढून ठेवल्यास अनुभवाचा पुरावा मागणाऱ्या ओंटारिओसारख्या ठिकाणी उपयोग होऊ शकतो.

तिकडचा मुलगा गावी आला तर?

उलट बाजूही आहे. कॅलिफोर्नियात सोळाव्या वर्षी मोटारीचे लायसन्स मिळते. तिथे वाढलेला सोळा-सतरा वर्षांचा नातू उन्हाळ्यात आजोळी येतो, त्याच्याकडे खरेखुरे लायसन्स असते आणि दारात मामाची गाडी उभी असते. तरीही त्याला महामार्गावर जाऊ देता येत नाही. भारतात सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवायला अठरा वर्षे पूर्ण लागतात, कार्ड कुठल्याही देशाचे असो.

मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन चालकांविषयीचे कलम १९९-अ बरेच चर्चेत आले. त्यानुसार पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. म्हणजे इथे मामाच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत भारतात लायसन्स नाही.