सन सिटीला जाण्याआधी

ॲरिझोनात फिनिक्सजवळ १ जानेवारी १९६० रोजी बिल्डर डेल वेब यांनी ‘सन सिटी’ खुली केली आणि निवृत्तांची रीघ लागली. गोल्फ, पोहण्याचे तलाव, शिवाय बर्फ उपसायची कटकट नाही. तरीही मिनेसोटासारख्या बर्फाळ राज्यातलं राहतं घर विकताना पोटात गोळा येतोच.

तो अगदीच अनाठायी नाही. सन सिटीतल्या घरात किमान एकजण पंचावन्न वर्षांचा हवा. एकोणीस वर्षांखालच्यांना कायम राहता येत नाही. म्हणजे नातवंडं फक्त पाहुणी! आणि ऊन? २०२३च्या उन्हाळ्यात फिनिक्सचा पारा सलग ३१ दिवस रोज ४३ अंशांवर गेला. (नागपूरकरांनीही हात टेकले असते.) तिथे उन्हाळ्यात फिरायला निघायचं ते पहाटेच.

म्हणून काहीजण आधी हिवाळ्यापुरतं भाड्याने राहून बघतात. पण हिवाळ्यात कुणालाही करमेल. घर विकण्याआधी एक जुलै तिथे काढावा.