पवनी : टेकड्यांखालचे तीर्थ

उमरेडहून भिवापूरमार्गे पूर्वेकडे गेल्यावर वैनगंगेच्या काठी वसलेले, भंडारा जिल्ह्यातील पवनी हे नगर लागते, ज्याला भाविक ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. नगराभोवती प्राचीन मातीची तटबंदी व खंदक असून, पूर्वेला नदीनेच तटाचे काम केले आहे.

बहुतेक यात्रेकरू थेट घाटांवर, वैजेश्वराच्या आणि विदर्भातील अष्टविनायकांत गणल्या जाणाऱ्या पंचमुखी गणेशाच्या दर्शनाला जातात. परंतु दिवसाचा आरंभ जगन्नाथ टेकडीपासून करणे अधिक उचित ठरते, कारण पवनीचे पावित्र्य किती जुने आहे, हे तेथेच कळते. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी 1969-70 मध्ये शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा विटांचा विशाल बौद्ध स्तूप, म्हणजे पवित्र अवशेषांवर किंवा त्यांच्या स्मरणार्थ उभारलेली घुमटाकार वास्तू, आणि तिच्याभोवतीच्या ‘वेदिके’चे, म्हणजे दगडी कठड्याचे, कोरीव भाग उजेडात आले. त्यांतील एका शिल्पात मुचलिंद नाग असून त्याचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. ज्ञानप्राप्तीनंतर ध्यानस्थ असलेल्या बुद्धांवर या नागराजाने पावसात फणा धरला, अशी कथा आहे. मात्र हे शिल्प घडले त्या काळी बुद्धांची मानवी मूर्ती घडवण्याची प्रथा नसल्याने त्यांचे अस्तित्व केवळ रिकाम्या आसनाने सूचित केले आहे. विदर्भाच्या कलेतील इतका मोलाचा ठेवा येथे सापडला, हे उमरेड परिसरातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवे.

पवनीजवळच रुयाड येथे आधुनिक काळात महासमाधीभूमी हा महास्तूप उभारण्यात आला आहे.