घट्ट धरणारी, पाच सेकंदांत सोडणारी सीट

युसूफ वडगावसारख्या गावाच्या शिवारात ट्रॅक्टर चालवणारा माणूस खाचखळग्यांत आपलं अंग आपणच सावरतो. रेसिंग गाडीत हे काम सीटने करायचं असतं. वळणावर बाजूला फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट झाला, तर ६५ किलोच्या चालकावर सुमारे ९८ किलोंचा भार आडवा येतो. तेव्हा तोल सांभाळायला तो स्टीअरिंगलाच धरून बसला, तर गाडी वळवणार कोण?

बाजारातली रेसिंग सीट घेताना म्हणूनच गादीपेक्षा आधी कमरेचं माप बघतात. शर्यतींची जागतिक संघटना एफआयए हिच्या '८८५५-१९९९' या मानकाच्या सीटची मुदत पाच वर्षांची. सीट नवीकोरी दिसत असली तरी मुदतीनंतर बाद. नुसत्या रूपाने रेसिंग वाटणाऱ्या सीटवर पैसे घालू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी अख्खी गाडीच स्वतः बांधतात, आणि सीटही बहुधा घरचीच. अमेरिकेत १९८१ साली 'फॉर्म्युला एसएई' या नावाने सुरू झालेल्या या स्पर्धेत मुंबईचे संघही मुरलेले आहेत: सोमय्या महाविद्यालयाचा 'ओरायन रेसिंग' जर्मनीत उतरला, आयआयटी मुंबईचा संघ विजेवरच्या गाड्या घेऊन इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला गेला.

सीट घडवण्याची रीत मोठी गमतीची. गाडीत जाड प्लास्टिकची पिशवी अंथरतात, तीत पॉलियुरेथेनची दोन द्रावणं मिसळून ओततात आणि चालकाला लगेच वर बसवतात. डोक्याला हेल्मेट, हात स्टीअरिंगवर, पाय पेडलवर. पाठीखाली फेस गरम होत फुगत जातो, बरगड्यांच्या आणि कमरेच्या कडेने वर चढतो. या वेळी हलायचं नाही. चालक जरा वाकडा बसला, तर तो वाकडेपणाही साच्यात उतरतो. काही मिनिटांत फेस घट्ट झाला की जादा भाग सुरीने तासून काढायचा.

पण गाडी केवळ आपल्या चालकाच्या मापाची करून भागत नाही. स्पर्धेच्या नियमपुस्तकात 'पर्सी' नावाचा सपाट पुतळा आहे: डोक्याला ३०० मिलिमीटरचं वर्तुळ, खांदे आणि नितंब यांना प्रत्येकी २०० मिलिमीटरचं. शंभरांतल्या पंचाण्णव पुरुषांहून मोठ्या बांध्याचा हा पाहुणा आत मावलाच पाहिजे. नितंबाच्या वर्तुळाच्या केंद्रापासून पेडलपर्यंत किमान ९१५ मिलिमीटर अंतर लागतं.

पट्ट्यांचं गणित सीटइतकंच नाजूक. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, ओटीपोटाच्या हाडावर बसला पाहिजे. मांड्यांमधून येणारे पट्टे नसतील, तर धडक बसताच शरीर कमरपट्ट्याखालून पुढे घसरतं. त्यांच्यासाठी सीटला खाचा ठेवाव्या लागतात. पाठीमागे आगरोधक भिंत असते. विजेच्या गाडीत तिला दोन थर: बॅटरीकडे अर्थिंग केलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, चालकाकडे वीज न वाहणारा पदार्थ.

एवढं जखडल्यावर परीक्षक म्हणतात, आता बाहेर या. हात स्टीअरिंगवर असताना घड्याळ सुरू होतं. पट्टे सोडून, स्टीअरिंग उपसून, दोन्ही पाय जमिनीवर टेकेपर्यंत पाच सेकंद. सीटच्या कडा फार उंच केल्या, तर अंग इथेच अडकतं.

शेवटच्या २२ किलोमीटरच्या शर्यतीत मध्येच चालक बदलावा लागतो आणि त्यासाठी तीन मिनिटं मिळतात. दोघांचा बांधा वेगळा असेल, तर सीट थोराड चालकाच्या मापाची करतात आणि किरकोळ अंगाच्या चालकासाठी फेसाचा वेगळा साचा तीत बसवतात. त्या तीन मिनिटांत तो बसवला किंवा काढला जातो आणि पट्टे नव्या अंगावर पुन्हा आवळले जातात.