वय ७५, केमोथेरपी झेपेल का? हे कसे ठरवतात

"आता या वयात केमो नको, त्यांना झेपणार नाही," असे अनेक कुटुंबे परस्पर ठरवून टाकतात. काहींना उलट वाटते, की तब्येत ठणठणीत आहे, तर पूर्ण डोस द्यायला काय हरकत? हे दोन्ही अंदाज चुकू शकतात. पंचाहत्तरीचा एक रुग्ण रोज शेतावर चालत जातो, तर त्याच वयाच्या दुसऱ्याला बाथरूमपर्यंत जायलाही आधार लागतो. म्हणून केवळ वयाचा आकडा पाहून केमोथेरपीचा निर्णय घेऊ नये.

तपासणीत काय पाहतात?

केसपेपरवर बऱ्याचदा 'ईसीओजी' असा ० ते ४ मधील एक आकडा लिहिलेला असतो. ० म्हणजे सर्व कामे पूर्वीसारखी करणारा आणि ४ म्हणजे पूर्णपणे अंथरुणाला खिळलेला रुग्ण. पण ज्येष्ठांच्या बाबतीत हा एकच आकडा पुरत नाही. त्यासाठी 'जेरियाट्रिक असेसमेंट' ही सविस्तर तपासणी करतात. तिच्यात पुढील गोष्टी पाहिल्या जातात:

- रोजची कामे: आंघोळ, कपडे घालणे, औषधे घेणे, पैशांचे व्यवहार स्वतः जमतात का?
- चाल आणि तोल: खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाऊन परत बसायला किती वेळ लागतो? अलीकडे पडणे झाले आहे का?
- पोषण: गेल्या काही महिन्यांत वजन किंवा भूक कमी झाली आहे का?
- स्मरणशक्ती आणि मन: सूचना लक्षात राहतात का? उदासी आहे का?
- इतर आजार आणि औषधे: मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे काम.
- घरचा आधार: रात्री ताप आला तर रुग्णालयात कोण नेणार?

बारीक अंगाच्या ज्येष्ठांमध्ये स्नायू कमी असल्याने क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसूनही मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असू शकते. म्हणून वय आणि वजन धरून त्याचा हिशेब करतात आणि काही औषधांचा डोस त्यानुसार ठरवतात.

ही पास-नापासची परीक्षा नाही

तपासणीत सापडलेल्या बऱ्याच उणिवा सुधारता येतात. आहारतज्ज्ञांचा सल्ला, फिजिओथेरपी, अनावश्यक गोळ्या बंद करणे, पहिला डोस कमी देऊन सुरुवात करणे, असे उपाय करता येतात. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ७० वर्षे व त्यावरील, कर्करोग बळावलेल्या ७१८ रुग्णांचा समावेश होता. ज्यांच्या डॉक्टरांना या तपासणीचा अहवाल आणि सूचना मिळाल्या, त्या गटात ५१ टक्के रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७१ टक्के होते. पहिल्या गटात सुरुवातीचा डोस अधिक जणांना कमी दिला गेला, तरी जगण्याच्या कालावधीत लक्षणीय फरक पडला नाही.

कुटुंबाने काय करावे?

- खरे सांगा. केमो नाकारतील या भीतीने "बाबा सगळे स्वतः करतात" असे सांगितले, तर डोस चुकीच्या माहितीवर ठरतो आणि त्याचा त्रास बाबांनाच होतो.
- घरातील सर्व औषधे पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णेसुद्धा.
- चष्मा आणि कानाचे यंत्र विसरू नका. नीट ऐकू न आल्याने चुकलेली उत्तरे विसरभोळेपणा समजली जाऊ शकतात.
- प्रश्न रुग्णाला विचारला असेल तर उत्तर त्यांनाच देऊ द्या.

रुग्णाला काय हवे आहे?

कोणाला शक्य तितके जास्त दिवस हवे असतात, तर कोणाला थोडे दिवस चालतील, पण घरी आणि स्वतःच्या पायावर. म्हणून डॉक्टरांना विचारा: या केमोचा उद्देश आजार बरा करणे आहे की आटोक्यात ठेवणे? यापेक्षा सौम्य पर्याय आहे का? केमो घेतली नाही तर काय होईल?

तपासणीनंतर केमो न देण्याचे ठरले, तरी उपचार थांबत नाहीत. वेदना, धाप, भूक न लागणे यांवर पॅलिएटिव्ह केअरमध्ये उपचार सुरूच राहतात. केमो सुरू झाली, तर प्रकृतीतील बदल प्रत्येक भेटीत सांगा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालयाशी संपर्क साधा.