हृदय-शल्यकर्मानंतरचे अनार्तव

ऱ्हुमॅटिक हृद्रोगामुळे यांत्रिक झडप बसविलेल्या तरुण स्त्रिया आम्हा एरंडोल परिसरातील वैद्यांकडेही येतात. पाळी थांबली की अकाली रजोनिवृत्ती समजून रजःप्रवर्तनी वटीकडे हात जातो. सुश्रुतांनी रजोनिवृत्तीचे वय ५० वर्षे सांगितले आहे. म्हणून ४० पूर्वी पाळी थांबल्यास प्रथम गर्भधारणा तपासावी. अशा झडपेसाठी आजन्म घ्यावे लागणारे वॉरफेरीन गर्भास, विशेषतः ६ ते १२ आठवड्यांत, अपायकारक असते. परंतु ते परस्पर बंद केल्यास झडपेवर रक्ताची गुठळी होऊ शकते. तेव्हा रुग्णेस त्वरित हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवावे. गर्भ नसल्यास एफएसएच व थायरॉईड तपासावे. लसूण, गुग्गुळ, हळद यांच्या कल्पांनी रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते. आयएनआर पाहिल्यावाचून ते देऊ नयेत. औषधविक्रेत्या बंधूंनीही विचारपूस करूनच औषध द्यावे, ही विनंती.