तीन पौंड आणि सहा धडे

थोरांच्या चरित्रांत काही प्रसंग असे असतात, की ते वाचून वाचकाला हसू येते आणि हसू ओसरले की तो पान उलटतो. गांधीजींचे नाच शिकणे हा त्यांतलाच एक. पंचा नेसून, काठी टेकीत दांडीला निघालेल्या महात्म्याने एके काळी लंडनमध्ये पियानोच्या सुरांवर पावले टाकण्याचा खटाटोप केला होता, ही कल्पनाच गमतीची! 'आत्मकथे'तले हे प्रकरण वर्गात निघाले की मुले मनमुराद हसतात. मीही त्यांना हसू देतो. पण हे प्रकरण वर्षानुवर्षे वाचता वाचता मला असे वाटू लागले आहे, की त्या नाचाच्या मुळाशी नुसती हौस नव्हती. मूळ निराळेच होते.

मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले आणि महिनाअखेर लंडनला पोचले. एकोणीस वर्षे पुरी व्हायला अजून काही दिवस होते. निघण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समक्ष त्यांनी आईला शब्द दिला होता : मद्य, मांस आणि परस्त्री या तिन्हींना शिवणार नाही. आईची समजूत पटली. जातीची मात्र पटली नाही. मुंबईतल्या मोढ वाण्यांच्या पंचायतीने त्यांना जातीबाहेर टाकले, आणि जो कोणी त्यांना मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरवला.

आता लंडनचा प्रकार पाहा. तिथे त्यांचा एक स्नेही होता. मांस न खाणारा हा मुलगा अशक्त राहील आणि इंग्रज समाजात कायमचा बावळट ठरेल, अशी त्याला मनापासून काळजी. एके दिवशी त्याने गांधींना नाटकाला न्यायचे ठरवले आणि त्याआधी हॉबर्न रेस्टॉरंट या मोठ्या उपाहारगृहात जेवायला नेले. एवढ्या थाटात पाहुणा गुपचूप खाईल, असा त्याचा होरा होता. पहिलेच सूप आले आणि गांधींनी वेटरला खुणेने बोलावले. मित्राने विचारले, काय हवे? यात मांस आहे का ते विचारायचे आहे, म्हटल्यावर तो भडकला आणि त्याने त्यांना सरळ बाहेर जायला सांगितले. गांधी आनंदाने उठले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद होते. तेव्हा ते उपाशीच राहिले, आणि तसेच मित्राबरोबर नाटकाला गेले.

म्हणजे इकडे जातीबाहेर आणि तिकडे पंगतीबाहेर! एकोणीस वर्षांच्या पोराने करावे तरी काय?

त्यांनी जे केले त्याचे मर्म इथे आहे. मांस खाणार नाही, हे ठरलेलेच होते. मग ही एक उणीव बाकीच्या गोष्टींनी भरून काढावी, इतके सभ्य व्हावे की शाकाहार कुणाला खुपू नये, असा त्यांनी निश्चय केला. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा पोशाख शिवून घेतला, एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली, थोरल्या भावाकडून घड्याळाची दुपदरी सोन्याची साखळी मागवली. देशात न्हावी हजामतीला येई त्या दिवशीच आरसा दिसायचा. इथे रोज दहा मिनिटे मोठ्या आरशापुढे भांग आणि टाय यांत जाऊ लागली. आणि एका सत्राची तीन पौंड फी भरून ते नाचाच्या वर्गाला जाऊ लागले.

तीन आठवड्यांत सुमारे सहा धडे झाले. पण पाय काही तालात पडेनात. पियानो काय सांगतो तेच कळेना.

यात नवल नाही. काठेवाड गरब्याचा आणि रासाचा मुलूख. तिथल्या माणसाला ताल नवा नव्हता. पण आपल्याकडे ताल टाळीत आणि ढोलक-तबल्याच्या ठेक्यात असतो. समेची जागा कान चुकत नाही. त्या काळच्या इंग्रजी नाचघरांत वॉल्ट्झ, पोल्का, क्वाड्रिल असे नाच चालत. वॉल्ट्झमध्ये तीन मात्रांचा हिशेब पियानोवाल्याच्या डाव्या हातात असतो आणि वर सुरांची नक्षी चालू राहते. ज्याचा कान त्या संगीतावर पोसलेला नाही, तो नक्षी ऐकत राहतो आणि पाय तसेच राहतात.

यावर गांधींनी उपाय काढला तो असा, की कान तयार करण्यासाठी तीन पौंडांचे व्हायोलिन विकत घेतले आणि ते शिकण्याची फी वेगळी भरली. वक्तृत्व शिकण्यासाठी तिसरा गुरू केला. उंदरांसाठी मांजर, मांजरासाठी गाय आणि गाईसाठी गुराखी ठेवणाऱ्या बैराग्याची गोष्ट त्यांनी इथे स्वतःवरच लावून सांगितली आहे.

सुमारे तीन महिन्यांनी डोळे उघडले. आपल्याला काही जन्मभर विलायतेत राहायचे नाही. मग नाचाने आपण सभ्य कसे होणार? वक्तृत्वाच्या आणि नाचाच्या शिक्षकांना पत्रे गेली. व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंकडे ते स्वतः गेले आणि मिळेल त्या किमतीला वाद्य विकून टाका म्हणाले. बाईंनी त्यांच्या निश्चयाला उत्तेजनच दिले. पुढे काटकसर करून ते दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सांत राहू लागले. त्या दराने नाचाच्या तीन पौंडांत त्यांचे अठ्ठेचाळीस दिवस निघाले असते!

पण खरी गंमत पुढेच आहे. ज्या समाजात शिरण्यासाठी हा सारा खर्च केला, तो समाज त्यांना नाचाविनाच मिळाला. आणि मिळाला तो ज्या शब्दापायी ते पंगतीबाहेर गेले होते, त्याच शब्दामुळे. बॅरिस्टर होण्यासाठी इनर टेंपलमध्ये ठरावीक जेवणांना हजर राहावे लागे. चौघांच्या टेबलाला दारूच्या दोन बाटल्या मिळत. गांधी दारूला शिवत नसत, म्हणून प्रत्येक टोळक्याला चौथा गडी तेच हवे असत! शाकाहाराने त्यांना इंग्रज मित्र दिले. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारी समितीवर ते गेले. १८९१ मध्ये 'द व्हेजिटेरियन' या साप्ताहिकात त्यांनी आपल्या सणांवर लेख लिहिले. त्यांत आपली दिवाळीही होती.

आजही आपली मुले शिकायला परदेशी जातात आणि तिथे नाचाच्या वर्गाला नाव घालतात. त्यात वाईट काही नाही. परक्या गावात चार माणसांत मिसळायला नाचासारखा सोपा रस्ता नाही, आणि ज्याच्या पायात ताल आहे त्याने खुशाल नाचावे. पण आपली एखादी गोष्ट लोकांना खुपते म्हणून तिची भरपाई करायला कुणी नाचत असेल, तर त्याने हे सहा धडे जरूर आठवावेत. गांधींचे पाय तालात पडले नाहीत. शब्द मात्र ढळला नाही. आणि त्या परक्या शहराने अखेर त्यांना ओळखले, ते त्या शब्दावरूनच.