पीएमपीची बस हद्दीबाहेर जाते, मग तोटा कोण भरतं? समजून घ्या

कात्रजहून सुटलेली हिंजवडीची बस पुणे महापालिकेच्या हद्दीत भरते, वाकडला पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतून जाते आणि जिथे रिकामी होते ते आयटी पार्क यांपैकी कोणत्याच महापालिकेत येत नाही. हिंजवडीत आजही ग्रामपंचायत आहे. प्रवाशाला हा एकच प्रवास. पण या बसच्या खर्चाचा हिशेब मात्र हद्दीवर येऊन अडतो.

पीएमपी नेमकी कुणाची?

पूर्वी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी अशा दोन वेगळ्या बससेवा होत्या. २००७ मध्ये त्या एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात पुणे महापालिकेचा वाटा ६० टक्के, तर पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. संचलनातली तूटही याच प्रमाणात दोन्ही पालिका भरून देतात.

तूट येते कशी?

तिकीट, पास आणि जाहिरातींतून येणारे पैसे इंधन, पगार आणि देखभालीला पुरत नाहीत. त्यात ताफ्यातल्या अनेक बस ठेकेदारांच्या आहेत. बस आणि चालक ठेकेदाराचा, वाहक पीएमपीचा. ठेकेदाराला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरमागे. बस खचाखच भरलेली असो वा रिकामी, त्याचा दर तोच. म्हणजे कमी प्रवाशांच्या मार्गाचा भार पीएमपीवर आणि पर्यायाने दोन पालिकांवर येतो.

तिकीट वाढवून प्रश्न सुटतो का?

पूर्ण नाही. १ जून २०२५ पासून किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं. पहिल्या ३० किलोमीटरपर्यंत दर ५ किलोमीटरला १० रुपयांचा टप्पा आहे. दोन्ही पालिकांच्या हद्दीतला दैनंदिन पास ७० रुपयांना, तर पीएमआरडीए हद्दीसह १५० रुपयांना मिळू लागला. याहून तिकीट वाढलं, तर दोघांचं भाडं भरण्यापेक्षा दुचाकी परवडते. आणि प्रवासी दुचाकीकडे वळला, की पीएमपीचं उत्पन्नही जातं आणि रस्त्यावरची कोंडीही वाढते.

मग हद्दीबाहेरच्या गावांचं काय?

पीएमपी स्थापन झाली तेव्हा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजेच पीएमआरडीए, अस्तित्वातच नव्हतं. ते २०१५ मध्ये आलं. तोवर शहर बरंच बाहेर पसरलं होतं. वाघोलीचंच पाहा. २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात वाघोलीही होती. बस आधीही धावत होती, नंतरही धावली. बदलली ती फक्त हद्द.

चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात मात्र अजूनही दोन्ही पालिकांची हद्द नाही. अशा भागांतल्या फेऱ्यांचा भार आपल्या करदात्यांनी का सोसायचा, असा प्रश्न पालिकांमध्ये वेळोवेळी उठतो. पीएमआरडीएनेही तुटीतला वाटा उचलावा, ही मागणी त्यातूनच पुढे आली.

प्रवाशाला काय फरक पडतो?

बराच. पैशांची ओढाताण झाली, की कात्री आधी लागते ती कमी उत्पन्नाच्या मार्गांना, आणि असे मार्ग बहुतेकदा हद्दीबाहेरचेच असतात. २०२२ च्या अखेरीस एसटीच्या विनंतीनंतर काही ग्रामीण मार्ग बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा गावोगावच्या विद्यार्थ्यांना आणि कामगारांना रोजच्या प्रवासासाठी दुसरी सोय शोधायची वेळ आली.

उपाय काय?

नवीन बस हव्यातच. पण बस आल्या तरी त्या रोज चालवायच्या कुणाच्या पैशांतून, हे ठरलेलं हवं. कोणत्या भागात किती किलोमीटर सेवा दिली, त्यावर वाटा ठरवता येईल. वाटा ठरला, की त्या भागाला फेऱ्यांबाबत हक्काने बोलताही येईल. तोवर हद्दीबाहेरच्या थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाची बस दुसऱ्याच्या तिजोरीवर अवलंबून राहणार.